भामरागडला जाताय? परतीची वाट आधी ठरवा

गडचिरोली जिल्ह्याला समुद्र नाही, पण बेट आहे. वर्षातले सात-आठ महिने ते जमिनीला जोडलेलं असतं आणि पावसाळ्यात मोठा पूर चढला की सुटं होतं. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचं भामरागड हे तालुक्याचं गाव इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांच्या संगमावर वसलं आहे. भोवती साग, बांबू आणि मोहाचं जंगल, वस्ती माडिया गोंडांची, आणि सीमेपलीकडे छत्तीसगडचा डोंगराळ अबुझमाड. गर्दी नाही, हॉटेलांच्या रांगा नाहीत, रात्री काजव्यांखेरीज उजेड नाही. नागपूर-पुण्याकडची तरुण मंडळी, त्यातही लग्न-नोकरीच्या धबडग्यात एकमेकांना वेळ देऊ न शकलेली भावंडं, ‘चार दिवस कुठंतरी शांत जाऊ’ म्हणून असं ठिकाण शोधू लागली आहेत. त्यांच्यासाठी हा लेख आहे. जंगलाच्या या जिल्ह्यात वावरताना जे पाहत आणि ऐकत आलो, त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. अशा जागेची शांतता आणि तिथला धोका यांचं मूळ एकच असतं: वाट कधीही तुटू शकते. म्हणून इथे जाण्याचा बेत जाण्यापासून आखायचा नसतो, परत येण्यापासून आखायचा असतो. वाघ, साप, माओवादी ही भीतीची ठरलेली यादी आहे. ती सगळी खरी धरली, तरी पाहुण्याला सर्वांत जास्त अडचणीत आणते ती ‘रविवारी संध्याकाळी निघू, सोमवारी ऑफिस’ ही गृहीत धरलेली ओळ.

पूर येतो कसा, हे समजून घेतलं तर पुढचं सगळं आपोआप कळतं. इंद्रावती उगम पावते ओडिशात, कालाहंडीच्या डोंगरात. बस्तरमधून, जगदलपूर आणि चित्रकोटच्या धबधब्यावरून ती आपल्या सीमेवर येते. पर्लकोटाही छत्तीसगडचं पाणी घेऊन येते. भामरागडला आभाळ स्वच्छ असलं आणि ऊन पडलेलं असलं, तरी बस्तरमध्ये दोन दिवस झोडपून पाऊस झाला असेल, तर ते पाणी वाटेत असतं. त्यातच संगमाचा स्वभाव असा की मोठी नदी तुडुंब झाली की लहान नद्यांना वाट मिळत नाही. इंद्रावती फुगली की पर्लकोटा आणि पामुलगौतमचं पाणी तिच्यात शिरत नाही, मागे सरतं, आणि हा फुगवटा गावाकडे चढतो. म्हणजे पूर येतो तो कोसळणाऱ्या पावसासोबतच येईल असं नाही. तो उघडिपीतही येतो, रात्रीही येतो. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये, पावसाळा संपत आला असं वाटत असताना, भामरागडच्या बाजारपेठेत पाणी शिरून गावाचा मोठा भाग बुडाला आणि लोकांना उंचावर हलवावं लागलं. त्या एकाच हंगामात गाव पुन्हा पुन्हा तुटलं होतं. हीच गोष्ट वैनगंगेकाठीही घडते, फक्त कारण वेगळं. २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातल्या पावसाचं आणि धरणांतून सोडलेलं पाणी गोसीखुर्द धरणाच्या ३३ दरवाजांतून खाली आलं आणि गडचिरोली-ब्रह्मपुरी पट्ट्यातली गावं पाण्यात गेली. आपल्या डोक्यावरचं आभाळ पाहून नदीचा अंदाज बांधणं या मुलखात चालत नाही.

इथले लोक तसा अंदाज बांधतही नाहीत, आणि माझ्या म्हणण्याचा सर्वांत मोठा पुरावा हाच आहे. पावसाळ्यात ज्या गावांचा संपर्क तुटतो, तिथे रेशनचं धान्य शासन पावसाआधीच पोचवून ठेवतं. घरोघरी मीठ, तेल, काडेपेटी, जळण यांची बेगमी जूनच्या आत झालेली असते. गडचिरोलीत आरोग्य विभागाची ‘माहेरघर’ नावाची सोय आहे. दुर्गम गावातल्या गरोदर बाईला प्रसूतीच्या तारखेआधीच आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवायचं, म्हणजे कळा सुरू झाल्यावर नाला आडवा येणार नाही. या व्यवस्थेमागचा विचार पाहा. नाला भरणार नाही अशी आशा त्यात कुणी धरलेली नाही. तो भरणारच, हे धरून माणूस आधी अलीकडे आणला आहे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या या नद्या पाहिल्या ते इतकी तयारी करतात, आणि आपण मोबाईलचा चार्जर, दोन जीन्स आणि बिस्किटांचे पुडे घेऊन निघतो. पावसाळ्यात अडकलेला पाहुणा केवळ स्वतःच्या जिवाला घोर लावत नाही. जिथे थांबतो त्या घरच्या साठवलेल्या तांदळात वाटेकरी होतो. माडिया घर पाहुण्याला उपाशी ठेवणार नाही, पण म्हणूनच ती भीड त्यांच्यावर आणू नये.

आता वाटेवरचं पाणी. या भागात धोक्याची जागा म्हणजे नदीपेक्षाही रपटा. नाल्यावर टाकलेला सिमेंटचा बुटका पूल, कठडा नसलेला, कडेला पांढरे दगड रोवलेले. पूर चढला की आधी ते दगड बुडतात, मग पुलाची कडच दिसेनाशी होते. वरून पाहिलं तर गढूळ, तपकिरी, एकसारखा सपाट प्रवाह. त्यावर फेस, पानं, मधूनच एखादा ओंडका. पाण्याखाली पूल जसाच्या तसा आहे की मधला तुकडा वाहून गेला, हे काठावरून कुणालाही सांगता येत नाही. आणि पाणी किती खोल आहे यापेक्षा ते किती जोरात चाललं आहे, हे महत्त्वाचं. पंधरा सेंटीमीटर, म्हणजे घोट्याच्या वर जेमतेम येणारं वाहतं पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलू शकतं. तीस सेंटीमीटर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते, साठ सेंटीमीटरला बहुतेक गाड्या वाहून जातात. मोटारसायकलला तर त्याहून कमी पुरतं, कारण ती आडवी झाली की चालवणारा तिच्याखाली सापडतो. हे आकडे पाठ असणं आणि काठावर उभं असताना ते आठवणं यांत फरक आहे. म्हणून नियम आकड्यांचा नको, साधा हवा: रपट्यावरचे दगड दिसत नसतील तर आपण अलीकडे आहोत, मग पलीकडे जेवण तयार असो की बस उभी असो.

यावर पहिला आक्षेप लगेच येतो: ‘तिथले लोक रोज पार करतात, मग आपण का नाही?’ पार करतात हे खरं, पण ती हौस नसते. दवाखान्यात जायचं असतं, मजुरी बुडवायची नसते, बाजाराचा दिवस चुकवायचा नसतो. आणि ते बुडतच नाहीत हा समज तर खोटाच. २०२४ च्या जानेवारीत, पुराचा मागमूसही नसताना, चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटून सहा महिला बुडाल्या. त्या पलीकडच्या काठाला मिरची तोडायला निघाल्या होत्या. नदी त्यांच्या ओळखीची होती. ओळखीनं नाव तरली नाही. भामरागडकडे आजही झाडाचं खोड कोरून केलेला डोंगा दिसतो. त्याची कड पाण्यापासून वीतभरही वर नसते. आत बसायला फळी नसते, उकिडवं बसावं लागतं, पाणी झिरपत राहतं आणि एकजण डब्यानं ते उपसत असतो. वल्हवणाऱ्याचा तोल डोंग्याशी जुळलेला असतो, आपला नसतो. फोटोसाठी उठून उभं राहिलेला एक माणूस सगळ्यांना पाण्यात घालतो. सुरक्षा जॅकेट अंगात असल्याशिवाय नावेत बसायचं नाही, हा नियम हिवाळ्यातल्या शांत पाण्यालाही लागू आहे. तिथे ते मिळेल या आशेवर राहू नका; दोन जॅकेटं सोबत न्या. ओझं वाटत असेल, तर मग नावेत बसायचा हट्ट तरी सोडा.

दुसरा आक्षेप रस्त्याचा. ‘आता सगळीकडे पूल होताहेत, राष्ट्रीय महामार्ग येतोय, ही जुनी भीती कशाला?’ रस्ते होताहेत ही आनंदाचीच गोष्ट आहे. आलापल्लीहून ताडगावमार्गे भामरागडला जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग म्हणून रुंद होतो आहे, पर्लकोटेवर जुन्या ठेंगण्या पुलाऐवजी उंच पुलाचं काम हाती घेतलेलं आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. काम सुरू असलेला रस्ता पावसाळ्यात काम सुरू न झालेल्या रस्त्यापेक्षा वाईट असतो. जुना रपटा तोडलेला असतो, नवा पूल पुरा झालेला नसतो, आणि मधे मातीचा वळणरस्ता टाकलेला असतो. पहिल्या मोठ्या पुरात तोच वाहून जातो. २०२४ च्या जुलैत याच तालुक्यात एका गरोदर महिलेला जेसीबीच्या खोऱ्यात बसवून नाला पार करून दवाखान्यात न्यावं लागलं. दुसरं म्हणजे, एक मोठा पूल झाला तरी आलापल्ली ते भामरागड हे साठ-पासष्ट किलोमीटर एका पुलावर उभे नाहीत. मधे कितीतरी नाले आहेत, आणि साखळीतला सर्वांत ठेंगणा रपटा बुडाला की संपूर्ण रस्ता बुडाला. भामरागडच्या पुढे लाहेरी, बिनागुंडा या बाजूला जायचं असेल तर हे आणखीच खरं. मोठा पूल झाल्यावर धोका कमी होईल. पण तो पूल झाला या भरवशावर निष्काळजीपणा वाढला, तर हिशेब जिथल्या तिथे येईल.

तिसरा आक्षेप मोबाईलवाल्यांचा: ‘हवामान कळतं, नकाशा आहे, फोन आहे.’ हवामानाचं ॲप भामरागडचा पाऊस दाखवतं. आपल्याला हवा आहे बस्तरचा. तो पाहायचाच असेल तर जगदलपूर, नारायणपूर, कांकेर या ठिकाणांचा पाहा, आणि तिथे जोराचा पाऊस दिसला तर पुढचे दोन दिवस निघायचा विचार आवरा. नकाशात रस्ता निळ्या रेषेनं दिसतो. तो पाण्याखाली आहे की नाही हे नकाशाला ठाऊक नसतं. शिवाय पूर आणि फोन यांचं इथे जमत नाही. झाड पडून वीज जाते, वीज गेली की काही तासांत टॉवर बंद पडतो, आणि नेमक्या गरजेच्या वेळी हातातला फोन कॅमेऱ्यापुरताच उरतो. त्यापेक्षा जुनी यंत्रणा भरवशाची: निघण्याआधी भामरागडच्या तहसील कार्यालयात किंवा जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात फोन करून रस्ता विचारणं, वाटेत आलापल्लीला एसटीच्या चालक-वाहकाला विचारणं, आणि ज्या गावात थांबणार तिथल्या पोलीस पाटलाला सांगून ठेवणं. एसटी जर पुढे सोडत नसतील तर आपली खासगी गाडीही जाणार नाही, एवढं समजायला कुठलं ॲप लागत नाही.

आता भावंडांविषयी, कारण दोघंच जाणार असतील तर धोक्याचं रूप बदलतं. मित्रांच्या टोळक्यात एखादा तरी घाबरट असतो आणि तो सर्वांना वाचवतो. भावंडांत तसं होत नाही. थोरल्याला धाकट्यासमोर मागे हटायला लाज वाटते. धाकट्याला थोरल्याच्या शब्दापुढे बोलायची सवय नसते. आणि लहानपणापासूनची चिडवाचिडवी काठावर उभं असतानाही थांबत नाही. ‘घाबरलास काय’ या दोन शब्दांनी या नद्यांत बरंच नुकसान केलं असेल. शिवाय दोघंही एकाच घरचे. एकमेकांच्या भरवशावर दोघंही एकच गोष्ट गृहीत धरतात: पैसे त्याच्याकडे असतील, औषधं तिनं घेतली असतील, घरी तिनं कळवलं असेल. आणि काही बरंवाईट झालं तर एकाच आईबापांची दोन्ही लेकरं एकाच वेळी आवाक्याबाहेर असतात. शोध घ्यायला धावणारं तिसरं कुणी घरात उरत नाही. म्हणून भावंडांनी निघण्यापूर्वी तीन गोष्टी पक्क्या कराव्यात. एक, दोघांपैकी जो नाही म्हणेल त्याचं चालेल, कारण न विचारता. ‘हो’ला दोन मतं लागतील, ‘नाही’ला एक पुरेल. दोन, सिम, रोख पैसे आणि औषधं दोघांकडे वेगवेगळी, सिम तर वेगवेगळ्या कंपन्यांची. तीन, घराबाहेरच्या एका शहाण्या माणसाकडे मुक्कामांची तारीखवार यादी, आणि कोणत्या दिवसापर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं हे लिहून दिलेलं. तो दिवस ठरवताना पुरामुळे अडकण्याचे दोन दिवस त्यात धरा, नाहीतर टॉवर बंद पडल्याबरोबर घरचे हवालदिल होतील. हे कोरडं वाटेल, भावा-बहिणीच्या सहलीला कागद कशाला, असंही कुणी म्हणेल. पण नात्यात विश्वास भरपूर आहे म्हणूनच तपासणी होत नाही, आणि तपासणी होत नाही म्हणूनच ती आधी लिहून ठेवावी लागते.

वाट तुटण्याचा खरा अर्थ आजारपणात कळतो. महाराष्ट्रातल्या हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा मोठा असतो, आणि जिल्ह्यातही भामरागडसारखे जंगलाचे तालुके पुढे. इथे फाल्सिपेरम जातीचा हिवताप आढळतो, जो मेंदूपर्यंत जाऊन जीव घेऊ शकतो. डास चावल्यापासून ताप यायला साधारण एक ते दोन आठवडे, कधी जास्तही, लागतात. म्हणजे बहुतेक पाहुण्यांना ताप येतो तो जंगलात नव्हे, पुण्या-मुंबईच्या घरी. तिथला डॉक्टर डेंग्यू-फ्लूच्या दिशेनं विचार करू लागतो आणि मोलाचे दोन दिवस जातात. परतल्यानंतर पुढच्या काही महिन्यांत केव्हाही ताप आला तर ‘मी गडचिरोलीच्या जंगलात जाऊन आलो, हिवतापाची तपासणी करा’ हे वाक्य स्वतःहून म्हणायचं. निघण्याआधी डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या की नाही ते ठरवावं. औषध लावलेली मच्छरदाणी मात्र विचारल्याविना न्यावी. तीच मच्छरदाणी मण्यारपासूनही वाचवते. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखतही नाही आणि सूजही फारशी येत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. खाटेवर झोपावं, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचाव्यात. चावा झाला तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काही करायचं नाही. चावलेला हात किंवा पाय हलू न देता थेट दवाखाना गाठायचा. आता इथे मूळ मुद्दा पुन्हा पुढे येतो. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना आहे. बाबा आमटेंनी १९७३ च्या डिसेंबरात हा प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटेंनी तिथे आयुष्य घातलं. पण हेमलकसा पर्लकोटेच्या अलीकडे आणि भामरागड पलीकडे. पूर चढला की तीन-चार किलोमीटरवरचा दवाखानाही दुसऱ्या जिल्ह्यात असल्यासारखा. दूरच्या पाड्यांवरून आजही खाटेची कावड करून रुग्ण आणावा लागतो, हे वर्तमानपत्रात दरवर्षी येतं. म्हणून मुक्काम कुठे करायचा हे ठरवताना देखावा नंतर पाहा. मधे नदी न येता कोणता दवाखाना गाठता येतो, हे आधी पाहा.

इतकं वाचून कुणी म्हणेल, ‘तुम्ही लोकांना घाबरवून या जिल्ह्याचं नुकसान करताय. आता कुठे दार उघडतंय.’ दार उघडतंय हे मान्य. २०२५ च्या १ जानेवारीला एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाड्याला पहिल्यांदा एसटी पोचली. त्याच वर्षी ऑक्टोबरात माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यानं साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. वीस वर्षांपूर्वी जिथे संध्याकाळनंतर गाडी घालायला चालक तयार नसे, तिथे आज वर्दळ वाढते आहे. (तरीही मुक्कामाची नोंद जवळच्या पोलीस मदत केंद्रात करा आणि पायवाट सोडून जंगलात शिरू नका.) पण दार उघडतंय म्हणूनच हे आत्ता सांगायला हवं. पहिल्या लाटेत आलेल्या पाहुण्यांपैकी दोघं-चौघं वाहून गेले, तर पुढची बातमी ‘गडचिरोली धोकादायक’ अशीच छापली जाईल, आणि ज्या गावानं जेवू घातलं त्याच्याच माथी ते खापर फुटेल. मी जाऊ नका म्हणत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात जरूर जा. तेव्हा नद्या ओसरलेल्या असतात, संगमावर वाळूचे पट्टे उघडे पडतात, धान कापून खळ्यावर आलेलं असतं, रस्ता मोकळा असतो. आलापल्लीचं वनवैभव पाहा, २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झालेली राज्यातली ती पहिली जागा. कमलापूरचा हत्ती कॅम्प पाहा, सिरोंचाजवळ वडधमचे जीवाश्म पाहा. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचणीच्या दिवसांत पहाटे जंगलात भटकू नका. अस्वल त्याच वेळी त्याच झाडाखाली येतं, आणि २०२१ पासून छत्तीसगडहून आलेले रानटी हत्तीही मोहाच्या वासानं फिरतात. वडसा-आरमोरी पट्ट्यातून जाताना वाघाची सूचना हसण्यावारी नेऊ नका. आणि हिवाळ्यातही डोहात पोहायला उतरू नका. वाळूच्या उथळ पट्ट्याला लागूनच कातळात खोल डोह असतो आणि वरून दोन्ही सारखेच दिसतात.

शेवटचा आक्षेप मात्र खरा अवघड आहे: ‘पण ही जागा सुंदर दिसते ती पावसाळ्यातच.’ हे खरं आहे. हिरवं रान, भरून वाहणारा संगम, डोंगरांवर उतरलेले ढग, हे हिवाळ्यात मिळत नाही. त्यासाठी मी दोन उत्तरं देतो. पहिलं, पावसाळा संपताना, ऑक्टोबरच्या मध्यानंतर जा. रान हिरवं असतं, पाणी उतरलेलं असतं, आणि परतीच्या पावसाची शक्यता धरून चार दिवसांच्या बेतात दोन दिवस राखीव ठेवा. दुसरं, पावसाळाच पाहायचा असेल तर वाट आपल्या पाठीशी ठेवून पाहा. मुक्काम गडचिरोली किंवा आलापल्लीला ठेवा, दिवसा पाऊस पाहून पुढे जाता येईल तेवढं जा, आणि नदी ओलांडण्याच्या जागी थांबा. संगम पाहायला त्याच्यापलीकडे जावं लागत नाही. ज्याच्याकडे राखीव दिवस नाहीत, रजा वाढवून मिळणार नाही, घरी आजारी माणूस आहे, किंवा ज्याला स्वतःला मधुमेह-रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या लागतात आणि त्या आठवडाभर पुरतील इतक्या सोबत नाहीत, त्यानं पावसाळ्यात हा बेत आखूच नये. हे मोठ्या धाडसाचं नसेल. पण धाडस आणि आगंतुकपणा यांत फरक आहे, आणि तो फरक सोबतच्या तयारीवरून ठरतो.

आणि तयारीत एक गोष्ट पिशवीत भरता येत नाही, ती म्हणजे परवानगी. हे जंगल मोकळं मैदान नाही. या जिल्ह्यातलं मेंढा-लेखा हे गाव वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी. आज इथल्या अनेक ग्रामसभांकडे असे हक्क आहेत, आणि बांबू-तेंदूचे निर्णय त्या घेतात. गावात शिरताना पोलीस पाटील, गाव पाटील किंवा ग्रामसभेच्या कुणाला भेटून आपण कोण, किती दिवस, कुठे थांबणार हे सांगणं, गोटूलमध्ये (गावाच्या सामूहिक घरात) विचारल्याशिवाय न शिरणं, बाया-पोरांचे फोटो न विचारता न काढणं, ही शिष्टाचाराची बाब आहेच. पण सुरक्षेचीही आहे. ज्या गावाला तुम्ही आलात हे ठाऊक आहे, ते गाव तुम्ही परत निघालात का हेही पाहतं. नाला चढला असेल तर तेच सांगतं, ‘आज नको’. ते वाक्य ऐकलं की बॅग खाली ठेवायची. दोन दिवस तांदूळ, मीठ आणि भाजी स्वतःच्या पैशानं गावातल्या दुकानातून घेऊन घरमालकाच्या हाती द्यायची, घरच्या कामाला हात लावायचा, आणि ऑफिसला फोन लागला तर रजा वाढवून मागायची. इतकं करायची तयारी निघतानाच असेल, तर भामरागड कुठल्याही मोसमात तुमचं आहे. नसेल, तर तारीख पुढे ढकला. नोव्हेंबर फार लांब नसतो.